डोळ्यांचा शीण : एक जुने दुखणे

‘चाळिशी’ हा शब्द मराठीत वयालाही लागतो आणि वस्तूलाही. ‘त्यांची चाळिशी उलटली’ म्हटले की वय समजावे, ‘त्यांची चाळिशी फडताळात राहिली’ म्हटले की चष्मा. त्या वयाच्या सुमारास जवळची अक्षरे पुसट होतात आणि पोथी हातभर लांब धरावी लागते. हा अनुभव इतका सार्वत्रिक की भाषेने वय आणि त्यावरचा उपाय यांना एकाच नावात बांधून टाकले. पण आज ज्या तक्रारीविषयी बोलावयाचे आहे, ती चाळिशीची वाट पाहत नाही. संगणकाच्या पडद्यासमोर दिवसाचे आठ-दहा तास बसणारी पंचविशीतील मुलेमुली संध्याकाळी सांगतात की डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते, समोरची ओळ पुसट होते. आणि घरातील वडील मंडळी ‘हे त्या यंत्राचे प्रताप’ असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल मला घाईचा वाटतो. यंत्र नवे असले तरी दुखणे जुने आहे, आणि त्या दुखण्याचा इतिहास पाहिला म्हणजे दोष कोणाचा या प्रश्नाचे उत्तर थोडे निराळे मिळते.

चष्म्याचा जन्म तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत झाला. जोर्दानो नावाच्या पिसाच्या धर्मोपदेशकाने १३०६ साली फ्लॉरेन्स येथे दिलेल्या प्रवचनात ही कला निघून वीस वर्षेही झाली नाहीत असे सांगितले होते. आपल्याकडील इतिहासाचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. फोडणीच्या पदार्थांपासून अत्तरापर्यंत कोणत्याही वस्तूचा माग काढण्याची हातोटी या विद्वानाजवळ होती. विजयनगरच्या व्यासरायांचे जे संस्कृत चरित्र सोमनाथ कवीने रचले, त्यात स्वामी अशा साधनाने ग्रंथ वाचीत असल्याचा सोळाव्या शतकारंभीचा उल्लेख आहे, त्याकडे गोडे यांनी लक्ष वेधले. मात्र चष्म्याने एवढेच साधले की ज्या वयात लेखक-कारागिरांचे काम थांबावयाचे, त्या वयानंतरही ते चालू राहिले. वय वाढले तसे कामाचे तासही वाढले. ज्याला दिसते त्याने थकावे किती, याचा विचार अजून कोणी केला नव्हता.

तो विचार प्रथम नीट मांडला बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने. मोदेना येथे १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतो त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ हाही एक असला पाहिजे, हा त्याचा आग्रह आज व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचा पाया मानला जातो. सोनार, घड्याळजी, सूक्ष्म चित्रे काढणारे चितारी यांच्यासाठी त्याने वेगळे प्रकरण लिहिले. दिवसभर एकाच अंतरावर, एकाच बारीक वस्तूवर नजर रोखल्याने डोळा त्या स्थितीतच आखडतो, असे त्याचे निरीक्षण होते. उपाय त्याने दोन सांगितले. एक चष्मा, आणि दुसरा, मान सतत खाली न ठेवता मधून मधून हातातले काम बाजूला सारावे, नजर दुसरीकडे वळवावी, निरनिराळ्या वस्तू पाहाव्या. १७१३ च्या आवृत्तीत त्याने छापखान्यातील खिळे जुळविणाऱ्यांविषयीही लिहिले. ही माणसे घरी गेल्यावरही कित्येक तास त्यांच्या डोळ्यांपुढे ती काळी अक्षरेच नाचत राहतात, असे त्याने नोंदविले आहे. आज रात्री दिवा मालवल्यावरही ज्याला पडद्यावरचे आकडे दिसत राहतात, त्या तरुणाने ही तीनशे वर्षांपूर्वीची नोंद अवश्य वाचावी. रामाझ्झिनीचे निदान चोख होते. अडचण एवढीच की ज्यांच्यासाठी उपाय सांगितला, त्यांची मजुरी कामाच्या नगावर ठरत असे. मान वर करावी तर तेवढे पैसे बुडत.

इंग्लंडातील खेड्यांत जाळीदार लेस विणणाऱ्या स्त्रिया हिवाळ्याच्या संध्याकाळी एकाच मेणबत्तीभोवती बसत. ज्योतीपुढे पाण्याने भरलेले काचेचे गोल ठेवलेले असत. त्यांतून प्रकाशाचा एकेक कवडसा प्रत्येकीच्या हातातील कामावर पडे. युक्ती मोठी सुंदर होती. पण ती डोळ्यांना विसावा देण्यासाठी नव्हती, रात्रीही काम चालू राहावे यासाठी होती. (डोळ्यांच्या सोयीसाठी म्हणून निघालेली कितीतरी साधने मुळात कामाच्या सोयीची असतात.)

शीण नेमका कशाचा, हे कळावयास एकोणिसावे शतक उजाडले. जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाचा आकार बदलतो, हे इंग्लंडात थॉमस यंग याने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दाखविले. पुढे समजले की हा बदल घडवून आणणारा स्नायू भिंगाभोवती कड्यासारखा असतो. दूरच्या वस्तूकडे पाहताना तो सैल असतो, जवळच्या वस्तूसाठी त्याला आवळून राहावे लागते. शिवाय जवळ पाहताना दोन्ही डोळे आत, नाकाकडे वळवून धरावे लागतात. पाण्याची घागर क्षणभर उचलणे कठीण नसते. तीच तासभर हातात धरून उभे राहा म्हटले तर हात भरून येतो. डोळ्याचे तसेच आहे.

तोवर या शिणाला वैद्य घाबरत असत. शिवणारी, लिहिणारी, कोरीव काम करणारी माणसे थोड्या वेळात थकतात, अक्षरे एकमेकांत मिसळतात, हे पाहून ही आंधळेपणाची पहिली पायरी तर नव्हे, अशी भीती वाटे. आणि धंदा सोडून उघड्यावरचे काही काम धरा, असा सल्ला मिळे. शिंप्याला सुई टाक म्हणणे म्हणजे चूल विझव म्हणणे! हे संकट उट्रेख्टच्या फ्रान्स डोंडर्स या डच शास्त्रज्ञाने दूर केले. लंडन येथे १८६४ साली निघालेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखविले की अशा पुष्कळ रोग्यांचा डोळा निरोगी असतो, फक्त त्याचे माप किंचित आखूड असते. त्यामुळे स्पष्ट पाहण्यासाठी त्याला सतत जास्तीचे कष्ट पडतात. योग्य बहिर्गोल भिंग दिले की दुखणे नाहीसे होते. ज्यांना धंदा सोडावयास सांगितले होते, ती माणसे चष्मा लावून पुन्हा कामाला बसली. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतक्या घरांच्या चुली वाचल्याची उदाहरणे फार नसावीत.

संगणकाचा पडदा या कथेत बराच उशिरा येतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली पूर्ण केलेल्या ‘टिफ्रॅक’ यंत्राला पडद्यावर अक्षरे आणि आलेख उमटविण्याची सोय होती. पण त्या पडद्याकडे दिवसभर पाहणे हा कोणाचा धंदा नव्हता. सत्तरीच्या दशकात पाश्चात्त्य देशांतील वृत्तपत्रे, विमानकंपन्या आणि विमाकचेऱ्यांत तो धंदा झाला, आणि लगोलग जुनी भीती नव्या रूपाने परतली. १९७७ साली न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राच्या दोन तरुण उपसंपादकांना मोतीबिंदू झाला आणि पडद्यातून निघणाऱ्या किरणांवर ठपका आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञमंडळाने १९८३ साली याचा अहवाल दिला. पडद्यामुळे डोळ्यांना इजा होते याला पुरावा आढळला नाही. तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या जवळच्या इतर बारीक कामांत होतात त्याच जातीच्या आहेत आणि त्यांचे मूळ चकाकी, चुकीचा उजेड, गैरसोयीची बैठक आणि कामाची रचना यांत आहे, असे त्यात म्हटले होते. रामाझ्झिनीला यात नवे काही आढळले नसते.

एक गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. १९९३ साली त्सुबोता आणि नाकामोरी या जपानी संशोधकांनी पापण्यांची उघडझाप मोजली. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा, तर पडद्यासमोर ७ वेळाच पापणी लववीत असे. पापणी लवली की अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरतो. ती लवली नाही की तो सुकतो. पुस्तक आपण खाली मांडीवर वा मेजावर धरतो, त्यामुळे पापणी अर्धी मिटलेली असते. पडदा समोर उभा असतो, म्हणून डोळा सताड उघडा राहतो आणि लवकर कोरडा पडतो. यावरून उपाय आपोआप सुचतात. पडदा नजरेच्या किंचित खाली आणि हातभर दूर असावा; खिडकी समोर किंवा पाठीशी नसावी, बाजूला असावी; थंड हवेचा झोत तोंडावर येऊ देऊ नये; पापण्या जाणूनबुजून मिटाव्यात; आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, म्हणजे तो आवळलेला स्नायू सैल होतो. निळा प्रकाश अडविणाऱ्या महागड्या चष्म्यांची हल्ली फार चलती आहे. पण १९२३ नव्हे, २०२३ साली उपलब्ध प्रयोगांचा जो साकल्याने आढावा कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला, त्यात साध्या काचांच्या तुलनेने त्यांनी शीण कमी होतो असे दिसले नाही. चष्म्याचा नंबर मात्र तपासून घ्यावा. तेथे डोंडर्स अजून खरा आहे.

आणि मान वर करण्याची मुभा? युरोपीय समुदायाने मे १९९० मध्ये काढलेल्या निर्देशात पडद्यावरील काम मधून मधून थांबविण्याची वा बदलण्याची, आणि कर्मचाऱ्यावर खर्चाचा बोजा न टाकता त्याचे डोळे तपासण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही डोळ्यांना शीण येईल अशा सावल्या कामावर पडू देऊ नयेत, अशी तरतूद उजेडाच्या कलमात होती. परंतु १९८७ च्या दुरुस्तीने असेही स्पष्ट केले की उत्पादनाची प्रक्रिया चालत नसेल, तर केवळ संगणक बसविला म्हणून एखादी जागा कारखाना ठरत नाही. ज्या कलमाने यंत्रावरच्या कामगाराचे डोळे आठवणीत ठेवले, ते संगणकावरच्या कारकुनाच्या वाट्याला आले नाही.

मुंबईच्या कितीतरी कचेऱ्यांत वीस फुटांवर पाहावयाचे म्हटले तर मध्ये भिंत येते. तेथे बसणाऱ्याने उठून जिन्याच्या खिडकीशी जावे लागते, आणि जागा सोडल्याचा हिशेब तेच यंत्र ठेवीत असते. बोरूने मोडी लिहिणाऱ्या, ओसरीवर बसलेल्या जुन्या कारकुनाचे काम काही कमी बारीक नव्हते. पण अंगणातून कोणी आले की तो चाळिशी कपाळावर सरकवी, आलेल्याला नावगाव विचारी, पाऊसपाण्याची चौकशी करी आणि मग सावकाश पुन्हा ओळीकडे वळे.