वक्ररेषेला नाव कुणाचं?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी त्याचा मजकूर, जरासा नीटनेटका करून.

सुरुवात माझ्या फजितीपासून. बी.टेक. झाल्यावर कॅड सॉफ्टवेअरच्या टीममध्ये लागलो. कोडला हात लावण्याआधी टूल शिक म्हणाले, आणि काम दिलं: कॉम्प्युटरचा माउस बनव. कॉलेजात नट-बोल्ट, पाइप, डबे बनवले होते. वाटलं, दोन तासांचं काम. आठवडा गेला आणि माझा माउस बटाट्यासारखा दिसायला लागला. उंचवटा दिसला की तिथे आणखी एक कंट्रोल पॉइंट टाकायचो, की शेजारी नवा उंचवटा हजर! शेवटी टीममधली सीनिअर ताई आली. म्हणाली, "अरे, एवढे पॉइंट कशाला? काढ की." तिने निम्म्याहून जास्त उडवले आणि पृष्ठभाग एकदम शांत झाला.

हे पॉइंट आले कुठून, ते शोधायला गेलो आणि पोचलो थेट फ्रान्सला.

पूर्वी जहाज बांधणारे लाकडाची लवचिक पट्टी वाकवून, तिच्यावर शिशाची वजनं ठेवून वक्ररेषा आखायचे. त्या पट्टीला म्हणायचे स्प्लाइन. कारचा आकार मातीच्या मॉडेलवरून ड्रॉइंगमध्ये, तिथून मास्टर मॉडेलमध्ये जायचा आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा बदलायचा. पुढे आकड्यांवर चालणारी कटिंग मशिन्स आली. आता मशीनला बॉनेटचा बाक सांगायचा कसा?

1958 मध्ये पॉल द कास्तल्झो नावाचा तरुण गणितज्ञ सिट्रोएन कंपनीत लागला. विशी संपत आलेली, म्हणजे माझ्याच वयाचा. 1959 मध्ये त्याने काढलेली युक्ती तुम्ही कागदावर करून बघू शकता. चार ठिपके काढा, ओळीने जोडा. तीन रेषा झाल्या. प्रत्येकीचा मध्य घ्या, ते तीन मध्य जोडा. दोन रेषा. त्यांचे मध्य जोडा. एक रेषा. तिचा मध्य हा वक्ररेषेवरचा एक बिंदू. मध्याऐवजी सगळीकडे पाव भागावर, पाऊण भागावर हेच करत गेलात की अख्खी वक्ररेषा मिळते. गंमत म्हणजे ती मधल्या दोन ठिपक्यांना सहसा शिवतसुद्धा नाही, ते तिला फक्त आपल्याकडे ओढतात. हेच दोन दिशांनी, चार गुणिले चार अशा 16 ठिपक्यांवर केलं की तयार होतो पृष्ठभागाचा एक तुकडा. माझा माउस का बिघडला ते इथे कळलं. मी ठिपके वाढवत होतो, म्हणजे ओढाताणच वाढवत होतो!

पण सिट्रोएनने हे सगळं गुपित ठेवलं. साठच्या दशकात रेनॉ कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए स्वतंत्रपणे अशाच वक्ररेषांपर्यंत पोचले. त्यांनी 'युनिसर्फ' ही प्रणाली उभी केली आणि मुख्य म्हणजे आपलं काम छापलं. म्हणून जग म्हणतं 'बेझिए कर्व्ह'. 1975 मध्ये वोल्फगांग ब्योम या जर्मन गणितज्ञाच्या हाती द कास्तल्झोचे जुने अहवाल लागले, तेव्हा कुठे बाहेरच्यांना त्याचं काम कळलं. आज त्या मध्य काढायच्या रीतीला त्याचं नाव आहे. वक्ररेषेला मात्र बेझिएंचंच राहिलं.

यात चोर कुणीच नाही. बेझिएंनी कुणाचं काही उचललं नव्हतं. तरी मला ही गोष्ट बोचते, कारण आपणही कंपनीच्या कपाटात राहणाराच कोड लिहितो. कंपनीचं गुपित बाहेर नेता येत नाही, ते बरोबरच. पण जे शिकलो ते तरी सांगता येतं ना? ताईने मला दोन मिनिटांत सांगितलं, ते मी आता टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो. हा भागही त्याचसाठी.

आता फोनवर 'ळ' टाइप करा आणि त्याच्या वळणाकडे बघा. त्या फॉन्टमध्येही बेझिए कर्व्हच आहेत.

भेटू पुढच्या भागात!