थंडावा कोणी वाहायचा?

14 जून 1802 या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली आणि ती लागली. भारतात यशस्वी लस मिळालेली ही पहिली व्यक्ती. शाळेच्या पुस्तकात ही एक ओळ वाचून आपण पान उलटतो. पण लस मुंबईपर्यंत पोचली कशी, हा प्रश्न विचारला की गोष्ट एकदम आजची वाटायला लागते.

एडवर्ड जेन्नरने आपला शोध 1798 मध्ये छापला. लस म्हणजे तेव्हा फोडातला द्रव. तो दोऱ्यात किंवा काचेवर वाळवून इंग्लंडहून जहाजाने पाठवायचे प्रयत्न झाले. आफ्रिकेला वळसा घालून यायला कित्येक महिने लागायचे आणि वाटेतल्या उष्ण समुद्रात लस निकामी व्हायची. शेवटी व्हिएन्नाच्या जाँ द कारो या डॉक्टरने वेगळी वाट काढली. त्याने द्रवात भिजवलेला कापूस काचांमध्ये ठेवून मेणाने बंद केला आणि जमिनीच्या मार्गाने बगदादला पाठवला. तो पोचला तेव्हा द्रव अजून ओला होता. बगदादहून लस बसऱ्याला गेली आणि तिथून जहाजाने मुंबईला आली.

बगदादच्या पुढे काच आणि मेण यांच्यावर भिस्त उरली नाही. लस माणसांच्या दंडातून पुढे सरकली. एका मुलाला टोचायचं, आठवड्याभराने फोड पिकला की त्यातला द्रव घेऊन दुसऱ्याला टोचायचं, मग तिसऱ्याला. म्हणजे एक मूल ही साधारण आठवड्याभर चालणारी बॅटरी. ॲनाच्या दंडावरून मुंबईतल्या आणखी मुलांना लस मिळाली, मग ती पुण्या-सुरतेकडे आणि मद्रासकडे गेली. मद्रासहून कलकत्त्याला ती जहाजावरच्या मुलांच्या दंडातून गेली. 1803 मध्ये स्पेनने तर याची पूर्ण मोहीमच काढली. ‘मारिया पिता’ जहाजावर 22 अनाथ मुलगे चढवले आणि एकाकडून दुसऱ्याकडे अशी साखळी लावून लस अटलांटिकपार नेली.

आज ज्याला आपण ‘कोल्ड चेन’ म्हणतो, तिचा हा पूर्वज. लस जिवंत ठेवायचं काम करणारं यंत्र नव्हतं, म्हणून ते काम मुलांच्या शरीरांवर टाकलं. त्यांना कोणी विचारलं नाही.

पुढे थंडावा विकत मिळू लागला. 1833 मध्ये ‘टस्कनी’ नावाचं जहाज बोस्टनहून सुमारे 180 टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा त्यातला निम्म्याहून जास्त शिल्लक होता. मुंबईतही अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ येऊ लागला. पण तो साहेबांच्या आणि शेठलोकांच्या ग्लासात जायचा, खेड्यातल्या टोचणाऱ्याच्या पेटीत नव्हे.

देवीचा प्रश्न शेवटी सुटला तो उलट्या बाजूने. लशीबरोबर थंडी पाठवण्याऐवजी लसच अशी बनवली की तिला थंडीची गरज पडू नये. 1950 च्या दशकात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियरने लस गोठवून सुकवायची पद्धत पक्की केली. अशी सुकी लस 37 अंश सेल्सिअसमध्येही महिनाभर टिकते. भारतात ती ज्या मोजक्या ठिकाणी तयार झाली, त्यातलं एक आपल्या सीमेवरचं, बेळगावची व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट. पिशवीत कुप्या टाकून कार्यकर्ते पायी वाड्यावस्त्यांवर जाऊ शकले. 1975 मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

मी कोड लिहितो. आमच्याकडे याला साधा नियम आहे. नेटवर्क भरवशाचं नसेल तर त्याला दोष देत बसू नका. पाठवायची वस्तूच अशी करा की ती वाटेतले धक्के सहन करेल. देवीच्या बाबतीत माणसाने हे करून दाखवलं. इन्शुलिनच्या बाबतीत अजून पुरतं जमलेलं नाही.

11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते नीट लागू पडलं नाही. जेम्स कॉलिपने अर्क आणखी शुद्ध केला आणि 23 जानेवारीपासूनच्या इंजेक्शनांनी मुलगा सावरला. त्याआधी या प्रकारचा मधुमेह म्हणजे मृत्यूची तारीख होती. इन्शुलिन हे 51 अमिनो आम्लांचं प्रथिन. जास्त उष्णतेत त्याची घडी बिघडते, रेणू एकमेकांना चिकटतात. गोठलं तरी ते बिघडतं, आणि पुन्हा पातळ झालं म्हणून वापरता येत नाही. म्हणून न उघडलेलं इन्शुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. वापरायला घेतलेलं बहुतेक प्रकारचं इन्शुलिन 25 ते 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. नेमका आकडा त्या त्या खोक्यातल्या कागदावर असतो.

आता माझ्या आत्याची गोष्ट. ती पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये राहते. विनोबा 1895 मध्ये जन्मले ते गाव. वीज गेली की ती इन्शुलिनचं पेन डब्यात घालून माठाच्या अंगाला टेकवून ठेवते. फेब्रुवारीत हे छान चालतं. माठाचं पाणी पाझरतं, वाफ होतं आणि वाफ होताना उष्णता घेऊन जातं. पण जूनमध्ये कोकणातली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. वाफ होत नाही आणि माठ नुसता ओला राहतो. देशावरचा माठ आणि आमच्याकडचा माठ यांत हा फरक आहे. पाण्यात भिजवून वापरायच्या ज्या इन्शुलिन पिशव्या बाजारात मिळतात, त्याही याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे त्या दमट हवेत किंवा बंद सुटकेसमध्ये फारशा उपयोगाच्या नाहीत.

आत्या मे महिन्यात लेकीकडे दुबईला निघाली तेव्हा हा सगळा इतिहास एका पर्समध्ये मावला. इन्शुलिन हातातल्या सामानातच ठेवायचं. विमानाच्या पोटात ते कुठे, किती तापमानात असेल याचा भरवसा नाही. शिवाय बॅग हरवू शकते किंवा धावपट्टीजवळ उन्हात पडून राहू शकते. बर्फाची पिशवी पेनला थेट चिकटू द्यायची नाही, मध्ये कापड हवं, नाहीतर वाचवायला घेतलेला बर्फच औषध मारतो. निम्मं औषध बरोबरच्या माणसाकडे द्यायचं. सुई लावून ठेवायची नाही. हवेचा दाब बदलला की थेंब गळतो किंवा आत बुडबुडा शिरतो. डॉक्टरांचं पत्र आणि चिठ्ठी वर, हाताशी. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीला आला आणि जगभर 100 मिलिलिटरचा नियम लागला. औषधांना त्यातून सूट आहे, पण ती तपासणीच्या टेबलावर आपण सांगावी लागते. एक्स-रेने इन्शुलिनचं काही बिघडत नाही. पंप किंवा सेन्सर लावला असेल तर मात्र कंपनीची सूचना आधी वाचावी. काही यंत्रं स्कॅनरमधून न्यायची नसतात.

आत्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, “पण बिघडलं तर कळणार कसं रे?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. उन्हाने कमजोर झालेलं इन्शुलिन बहुतेक वेळा दिसायला जसंच्या तसं असतं. ते कळतं साखर चढल्यावर. 1802 मध्येही हेच होतं. लस मेली की जिवंत, हे आठवड्याने फोड आला की नाही यावरून कळायचं. पोलिओच्या लशीच्या कुपीवर 1996 पासून एक छोटा चौकोन येऊ लागला. उष्णता साचत गेली की त्याचा रंग गडद होतो, आणि खेड्यातल्या आशाताईंनाही एका नजरेत कळतं. आत्याच्या पेनवर असा चौकोन नाही. प्रवासाचा कुठलाच लॉग नाही.

2021 मध्ये केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीबद्दल एक अभ्यास छापून आला. तिथल्या घरांत तापमान दिवसरात्र 25 ते 37 अंशांमध्ये हेलकावे खायचं. तेच चढउतार प्रयोगशाळेत चार आठवडे देऊन पाहिले, तर इन्शुलिनची ताकद जवळजवळ तशीच राहिली. याचा अर्थ खोक्यावरचा कागद फेकून द्या असा नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. पण फ्रिज नसलेल्या घराला इन्शुलिन नाकारायचं कारण वाटतं तितकं पक्कं नाही, एवढं त्यातून कळतं.

दोनशे वर्षांत थंडावा वाहणारे बदलले. आधी मुलांचे दंड होते, मग भुशात गुंडाळलेला बर्फ, आता पासष्टीच्या बाईची पर्स. देवीच्या वेळी हे ओझं शेवटी प्रवाशाच्या अंगावरून काढून औषधात घातलं गेलं, आणि त्यातला काही भाग बेळगावात झाला. इन्शुलिनच्या खोक्यावर रंग बदलणारा एक चौकोन छापणं त्यापेक्षा नक्कीच सोपं आहे. तो येईपर्यंत आत्या डब्यात एक छोटा थर्मामीटर ठेवते आणि दर उतरत्या स्टेशनला, दर विमानतळावर झाकण उघडून आकडा बघते.