मतदारसंघाची निष्ठा किती काळ टिकते?

राजूर हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गणपतीमुळे. जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे राजुरेश्वराचे स्थान गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते. संकष्टीला, आणि विशेषतः अंगारकीला, पंचक्रोशीतूनच नव्हे तर दूरदूरच्या गावांतून माणसे रात्रभर पायी चालत येथे येतात. बाप येत होता म्हणून मुलगा येतो, आणि मुलाच्या खांद्यावर बसून नातू येतो. या येण्यात खंड पडत नाही आणि त्याचे कारण कोणी कोणास विचारीतही नाही.

याच वाटेने चालणारी माणसे दर पाच वर्षांनी मतदानालाही जातात. तेथेही असेच काही घडते, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ‘हा मतदारसंघ अमक्या पक्षाचा बालेकिल्ला आहे,’ असे आपण सहज म्हणून जातो. जणू तेथील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांसाठी आपले मत वाहून टाकले आहे! हे कितपत खरे आहे? मतदारसंघ एखाद्या पक्षाशी एकनिष्ठ राहतो म्हणजे नेमका कशाशी राहतो, आणि किती काळ? राजूर ज्या जालना लोकसभा मतदारसंघात मोडते त्याचाच इतिहास या प्रश्नासाठी चाळावा, असे आम्ही योजिले आहे. पोटनिवडणुका बाजूला ठेवून केवळ सार्वत्रिक निवडणुकांचाच हिशोब आम्ही करणार आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठवाड्यातील मतदार हा उर्वरित महाराष्ट्रातील मतदारापेक्षा वयाने लहान आहे. मुंबई इलाख्यात मर्यादित का होईना, पण मताधिकाराची थोडी सवय लोकांना झाली होती. निझामाच्या राज्यात सामान्य शेतकऱ्याला असा अनुभव नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील माणसाने प्रथमच प्रौढ मताधिकार बजावला. त्या मतदाराच्या लेखी काँग्रेस म्हणजे केवळ एक पक्ष नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली निझामाशी झुंजलेली ती संघटना होती. रझाकारांचे दिवस ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्यांना बैलजोडीवर शिक्का मारण्यासाठी वेगळ्या प्रचाराची फारशी गरज नव्हती.

म्हणूनच १९५७ साली जालन्यातून सैफ तय्यबजी काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेवर जाऊ शकले. तय्यबजी हे मुंबईच्या प्रसिद्ध घराण्यातले. जालन्याच्या गावकीशी वा भावकीशी त्यांचा संबंध नव्हता. लोकांनी माणूस पाहिला नाही, पक्ष पाहिला. १९६२, १९६७ आणि १९७१ या तिन्ही निवडणुकांत उमेदवार बदलत गेले, पण पक्ष तोच राहिला. दरम्यान १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सोसायट्या, बाजार समित्या, जिल्हा बँका उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणीला कर्जाची, बियाण्याची आणि रस्त्याची जोड मिळाली. निष्ठेची मुळे अशी दुहेरी झाली. एक मूळ स्मृतीत, दुसरे संस्थेत.

तरीही १९७७ साली ही निष्ठा तुटली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळून निघाला होता, १९७४ मध्ये विकास आंदोलन पेटले होते, आणि त्यावर आणीबाणी आली. जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे निवडून आले. १९५७ पासून मोजले तर वीस वर्षांची ही अखंड साथ होती. निझामी राजवट ज्यांनी कळत्या वयात अनुभवली नव्हती असा मतदार एव्हाना रांगेत येऊन उभा राहिला होता, हे येथे विसरता कामा नये.

त्यानंतरची एकोणीस वर्षे हा मतदारसंघ कोणाचाच नव्हता. १९८० व १९८४ साली काँग्रेसचे बाळासाहेब पवार आले. १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे पुन्हा पुंडलिक हरी दानवे आले. १९९१ मध्ये काँग्रेसचे अंकुशराव टोपे आले. १९९६ मध्ये भाजपचे उत्तमसिंग पवार आले. १९७१ च्या निकालापासून मोजले तर १९९६ पर्यंत पाच वेळा कौल फिरला. येथे एक मौज पाहण्यासारखी आहे. पुंडलिक हरी दानवे हे १९७७ साली नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर निवडून आले आणि १९८९ साली कमळावर. काँग्रेसचेही चिन्ह बैलजोडीवरून गाय-वासरू आणि गाय-वासरावरून हाताचा पंजा असे पालटत गेले. तेव्हा ‘एकाच पक्षाशी निष्ठा’ असे म्हणताना पक्ष तरी एकच होता काय, हेही विचारले पाहिजे.

या चंचल काळाची कारणे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातील गावोगावचे संबंध विसकटले. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि नव्या नेतृत्वाला नवी जागा मिळाली. १९८० नंतरच्या दशकात शिवसेना मराठवाड्यात पसरली आणि १९८९ मध्ये तिची भाजपशी युती झाली. जुने धागे सुटत होते, नवे अद्याप घट्ट बसले नव्हते.

ते घट्ट बसले १९९६ नंतर. १९९६ आणि १९९८ मध्ये उत्तमसिंग पवार, आणि पुढे १९९९, २००४, २००९, २०१४ व २०१९ अशा पाच निवडणुकांत रावसाहेब दानवे; ओळीने सात वेळा जालन्याने भाजपला कौल दिला. दानव्यांची चढण पाहिली म्हणजे या निष्ठेची घडण कळते. सरपंच, पंचायत समिती, १९९० व १९९५ साली भोकरदनमधून विधानसभा, आणि मग लोकसभा. १९६२ साली जी शिडी उभी राहिली तीच ही. काँग्रेसने बांधलेल्या पायऱ्यांवरून दुसरा पक्ष वर चढला. तय्यबजींच्या वेळी पक्षामुळे माणूस निवडून येत होता; आता पक्ष आणि माणूस यांपैकी कोणामुळे कोण, हे सांगणे अवघड झाले.

परंतु सात विजयांची ही माळ दुरून दिसते तेवढी एकसंध नव्हती. २००९ मध्ये काँग्रेसचे कल्याण काळे यांच्यावर दानव्यांनी मिळवलेली आघाडी साडेआठ हजारांच्या आत होती. लाखो मतांच्या मतदारसंघात ही बालेकिल्ल्याची भिंत नव्हे, कुडाची भिंत झाली. त्यातही २००४ आणि २००९ या दोन्ही वर्षी लोकसभेला भाजप विजयी झाला असता, राजूर ज्यात येते त्या भोकरदन विधानसभा मतदारसंघाने काही महिन्यांतच राष्ट्रवादी काँग्रेसचे चंद्रकांत दानवे यांना निवडून दिले. मग २०१४ मध्ये लोकसभेची आघाडी दोन लाखांवर गेली, २०१९ मध्ये तीन लाख तीस हजारांवर. भिंत सर्वांत उंच दिसली ती कोसळण्याच्या आधीच्या निवडणुकीत!

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मतदारसंघाचे नाव तेच राहते, पण त्याची हद्द बदलते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर जालना लोकसभा मतदारसंघात जालना, बदनापूर व भोकरदन हे तीन विधानसभा मतदारसंघ जालना जिल्ह्यातले आहेत. सिल्लोड, फुलंब्री व पैठण हे तीन शेजारच्या, पूर्वीच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. उलट जालना जिल्ह्यातील परतूर आणि घनसावंगी परभणीला जोडलेले आहेत. ‘जालन्याने असे केले’ म्हणताना आपण कोणत्या जालन्याविषयी बोलतो, हे म्हणूनच पाहावे लागते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ही माळ तुटली. कल्याण काळे यांनी दानव्यांचा सुमारे एक लाख दहा हजार मतांनी पराभव केला, आणि अपक्ष मंगेश साबळे यांना दीड लाखाहून अधिक मते पडली. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला होता. त्या घटनेने जिल्हा ढवळून निघाला. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावाची तक्रार होतीच. विकासाची कामे झाली नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. दानवे रेल्वे राज्यमंत्री असतानाच, डिसेंबर २०२३ मध्ये, जालना–मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. गाडी आली, पण पाच महिन्यांनी खासदार गेला. आणि जालना–जळगाव या नव्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे पराभवानंतर. कामे झाली तरी खासदार पडू शकतो, आणि खासदार पडला म्हणून काम अडतेच असे नाही, हे दोन्ही धडे एकाच वर्षात मिळाले.

तर मग मतदारसंघ पलीकडे गेला काय? नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत याच लोकसभा मतदारसंघातील सहाही जागा महायुतीने जिंकल्या. सहा महिन्यांत वारा फिरला. १९७७ नंतर आला होता तसा अस्थिर काळ पुन्हा आला आहे, की एका निवडणुकीपुरता राग व्यक्त होऊन गेला, हे पुढील निवडणुकाच सांगतील.

असे आयुष्य जालन्याच्याच निष्ठेला होते असे नव्हे. लातूरने १९८० पासून सात निवडणुकांत शिवराज पाटलांना लोकसभेवर पाठविले आणि २००४ मध्ये नाकारले. ती चोवीस वर्षे झाली. पुण्याचा कसबा पेठ मतदारसंघ १९९५ पासून भाजपकडे होता. २०२३ च्या पोटनिवडणुकीत तो काँग्रेसकडे गेला आणि २०२४ मध्ये परत आला. तेथेही अठ्ठावीस वर्षे. वीस ते तीस वर्षे म्हणजे साधारण एक पिढी. आमच्या मते हा निव्वळ योगायोग नसावा. एखादा मतदारसंघ एखाद्या पक्षाकडे वळतो तो काही कारणाने वळतो. ते कारण ज्यांनी अनुभवले ती माणसे गावच्या पारावर बोलती असतात तोवर निष्ठा जिवंत असते. पुढच्या पिढीला कारण ऐकून माहीत असते, आणि निष्ठेची केवळ सवय उरते. सवय पुष्कळ ओझे वाहते, पण एखाद्या नव्या प्रश्नाचा धक्का तिला सोसत नाही.

याला अपवाद आहेत. सांगोल्याने शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना १९६२ पासून अकरा वेळा विधानसभेत पाठविले. राज्यभर त्या पक्षाची ताकद ओसरत असताना सांगोला टिकला. पण तेथेही १९७२ आणि १९९५ मध्ये पराभव झालाच. आणि २०१९ मध्ये गणपतराव उभे राहिले नाहीत, तेव्हा पक्षाची जागा हजाराहून कमी मतांनी गेली. २०२४ मध्ये ती त्यांच्या नातवाने परत मिळविली. अशी निष्ठा पक्षाची म्हणावी की माणसाची, हे वाचकांनीच ठरवावे.

एका पिढीहून कितीतरी अधिक टिकलेली निष्ठाही जगात आढळते, पण तिचे मोल पाहिले म्हणजे ती कोणी मागू नये. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्ये १८६१–६५ च्या यादवी युद्धानंतर डेमोक्रॅटिक पक्षाला अशी चिकटली की, जॉर्जियाने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवारास प्रथम कौल दिला तो १९६४ साली. लिंकनचा पक्ष म्हणून रिपब्लिकनांवरचा राग हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक कडू आहे. मतदानासाठी कर आणि वाचनाच्या परीक्षा लावून कृष्णवर्णीय मतदारांना यादीबाहेर ठेवले गेले होते. ज्यांचे मत वेगळे पडले असते त्यांना दाराबाहेर उभे करून मिळविलेली ती एकनिष्ठा होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा आल्यावर तिची वीण उसवू लागली.

जालन्याच्या मतदाराच्या वाट्याला तसे काही आले नाही, हे आपले भाग्य. येथे निष्ठा जडली ती उघड्या मतदानातून आणि तुटली तीही उघड्या मतदानातून. म्हणूनच पक्ष कोणताही असो, बालेकिल्ला ढासळल्याचे दुःख वा आनंद आम्हांस फारसा वाटत नाही. ज्या मतदारसंघाचे मत ठरलेले असते त्याला स्वपक्ष गृहीत धरतो आणि विरोधी पक्ष सोडून देतो. दोघांच्याही दारात त्याची पत राहत नाही. साडेआठ हजारांनी निवडून आलेला खासदार मतदारांची पायरी जितक्या वेळा चढतो, तितक्या वेळा तीन लाखांनी आलेला चढेलच असे नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच इशारा दिला होता. धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे म्हणणे होते. राजूरच्या वाटेवर अंगारकीच्या रात्री चालणारा माणूस देवाकडे हिशोब मागत नाही, आणि मागूही नये. पण तीच वाट तुडवीत तो मतदान केंद्रावर जाईल तेव्हा मागील पाच वर्षांचा हिशोब त्याच्याजवळ असला पाहिजे. हिशोब जुळला तर त्याने पुन्हा तोच कौल द्यावा; त्यात कमीपणा नाही. न जुळला तर फिरवावा. त्यात बेइमानी नाही. मतदाराची खरी निष्ठा त्या हिशोबाशी असते, आणि तिला कोणत्याही पिढीची मुदत नाही.