खुराड्याच्या जाळीतून उतरलेले चित्र

१ ऑगस्ट १९७५. देशात आणीबाणी लागू होऊन जेमतेम महिना उलटला होता. मुंबईत दूरदर्शन येऊन तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. अशा वेळी ओरिसा, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातील सुमारे २,४०० खेड्यांसाठी थेट अवकाशातून चित्रे पाठवण्याचा प्रयोग सुरू झाला. त्याचे नाव ‘साइट’.

विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९६९ मध्ये नासाशी करार झाला होता. प्रयोग पाहायला मात्र ते हयात नव्हते. उपग्रह अमेरिकेचा, एटीएस-६. जमिनीवरचे संच भारतीय बनावटीचे.

या संचाची छत्री सुमारे ३ मीटर व्यासाची होती आणि तिला अंथरलेली होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी! हा केवळ काटकसरीचा जुगाड नव्हता. ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी भरते सुमारे ३५ सेंटिमीटर. तिच्यापुढे जाळीची भोके इतकी बारीक, की लहरीला ती अखंड पत्र्यासारखीच भासते. वारा मात्र आरपार जातो.

खरे कौतुक छत्रीमागच्या पेटीचे. शहरी प्रक्षेपणात चित्र लहरीच्या उंचीवर कोरलेले असे. वाटेत मिसळणारा विद्युत-गोंगाट नेमकी ती उंचीच बिघडवतो आणि पडद्यावर मुंग्या येतात. साइटमध्ये चित्र वारंवारितेच्या बदलांत गुंफले होते. त्यामुळे उंचीतला बिघाड ग्राहक पेटी सरळ छाटून टाकू शके. याची किंमत म्हणजे अधिक रुंद पट्टा, आणि संकेत एका किमान मर्यादेच्या वर राहण्याची अट. सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ती अट पाळण्यासाठी उपग्रहाने ९ मीटरची छत्री अवकाशात उलगडली होती. शिवाय संकेत थेट आकाशातून येत असल्याने डोंगर-इमारतींवरून परावर्तित होऊन उमटणारी दुहेरी, भुतासारखी प्रतिमाही टळली.

ध्वनीची योजना तर अस्सल भारतीय गरजेतून आलेली: एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या, म्हणजे एकच कार्यक्रम दोन भाषांत.

असाच एक संच कोलंबोत आर्थर सी. क्लार्क यांच्या घरी भारतीय अभियंत्यांनी बसवून दिला. भूस्थिर उपग्रहांद्वारे प्रक्षेपणाची कल्पना १९४५ मध्ये मांडणारा हा लेखक त्या कल्पनेचे फळ घरबसल्या पाहत होता, आणि तेही श्रीलंकेत दूरचित्रवाणी केंद्रच नसताना.

उपग्रह मात्र वर्षभराच्या उसनवारीवर होता. मुदतवाढीची इच्छा भारतीय बाजूने व्यक्त झाली, पण ३१ जुलै १९७६ रोजी प्रक्षेपण थांबले आणि एटीएस-६ पश्चिमेकडे सरकू लागला. पुढे काही गावांना जमिनीवरच्या प्रक्षेपकांचा आधार मिळाला. उरलेल्या गावांतल्या छत्र्या रिकाम्या आकाशाकडे तोंड करून राहिल्या. भारताचा स्वतःचा इन्सॅट-१बी अवकाशात गेला तो १९८३ च्या ऑगस्टमध्ये.