सावर, २४ एप्रिल २०१३

सकाळचे आठ वाजत आलेत. ढाक्याबाहेरच्या सावरमध्ये, हमरस्त्याला लागून असलेल्या राणा प्लाझासमोर तुम्ही उभे आहात. आठ मजली इमारत, वर नववा चढतोय. खालची दुकानं बंद, बँकेची शाखाही बंद. काल खांबांना तडे गेले, इंजिनिअर धोका सांगून गेला, आणि बँकेनं आपली माणसं घरी ठेवली.

वरच्या पाच गारमेंट फॅक्टऱ्यांच्या मुली मात्र आल्यात. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. घोळका फाटकाशीच थबकलाय, आत जायला कुणी धजत नाही. सुपरवायझर दरडावतोय: खाडा केलात तर महिन्याचा पगार विसरा. किमान वेतन महिना ३,००० टका, आणि महिनाअखेर तोंडावर. एक जण जिना चढते. तिच्यामागे दुसरी.

तुम्हीही चढा. खांबातली भेग बघा, बोट आत जाईल एवढी. मशिनच्या रांगा सुरू झाल्यात. एक मुलगी कॉलरच्या आत लेबल बसवतेय: चारही बाजूंनी टीप, दोरा कापला, पुढचा शर्ट. थप्पीतला एक उचला. नाव ओळखीचं आहे. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये याच नावाच्या दुकानात तुम्ही सेलची वाट बघता.

वीज जाते. वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू होतात, पायाखालची फरशी हादरते. नऊला काही मिनिटं कमी आहेत.

इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली. ढिगाऱ्यात बेनेटन, मँगो, प्राइमार्क अशा नावांच्या खुणा सापडल्या. परवानगी नसताना मजले चढवणाऱ्या मालकाचा आणि तडे दिसत असूनही मुलींना वर धाडणाऱ्या मॅनेजरांचा दोष कशानंही कमी होत नाही. तरी शिपमेंटची तारीख त्या तड्यांपेक्षा मोठी ठरली, हेही खरं. माल उशिरा गेला की खरेदीदार पैसे कापतो, नाहीतर फॅक्टरीच्या खर्चानं विमानानं मागवतो. इथल्या काही फॅक्टऱ्यांचं ऑडिटही झालं होतं, पण इमारत उभी राहील का, हे त्यात तपासलंच नव्हतं. स्वस्त हवं आणि लवकर हवं, ही मागणी आपली आहे.

तीन आठवडे पुढे या. युरोप-अमेरिकेत लाखो लोकांनी सह्या करून ब्रँडना जाब विचारलाय. इमारत आणि आगीपासूनच्या सुरक्षेच्या ज्या कराराला आधी दोनच कंपन्या राजी होत्या, त्यावर भराभर सह्या होतायत. पुढे तो आकडा २०० च्या वर गेला. कायद्यानं बांधणारा करार, स्वतंत्र तपासनीस, जाहीर अहवाल. गिऱ्हाईक बोललं म्हणून हे झालं.

खरेदी बंद करू नका, त्या मुलींची चूल त्यावरच पेटते. त्या कराराचं आजचं नाव इंटरनॅशनल अकॉर्ड. सही केलेल्या ब्रँडची यादी जाहीर असते. पुढचा शर्ट घेण्याआधी तुमच्या ब्रँडचं नाव त्यात शोधा. नसेल, तर कंपनीला लिहून कारण विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.