मृगाच्या तोंडावर

प्राध्यापकांना उन्हाळ्याची सुट्टी असते, ही समजूत ज्या कोणी पसरवली त्याने मे महिना खानदेशात काढलेला नसावा. जळगावात पारा पंचेचाळिशीला टेकला की सुट्टी आणि शिक्षा यांतला फरक फक्त हजेरीपटापुरता उरतो. सकाळी दहाला खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरमध्ये पाण्याच्या बादल्या. मग संध्याकाळपर्यंत माणसाने करायचं काय? वाचन! म्हणून मी दरवर्षी सुट्टी लागताना सात-आठ जाडजूड ग्रंथ घरी आणतो. पण त्याच सुमारास आमच्या गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळत पडतात आणि खालचा प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना वजनं लागतात. "अहो, तो राजवाड्यांचा खंड द्या बरं, बारका नको," अशी वरून हाक येते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांचा असाही एक उपयोग आहे, याची खुद्द इतिहासाचार्यांना कल्पना नसावी. माझ्या हाताखाली आजवर एकच विद्यार्थी पीएच.डी. झाला. माझ्या राखणीखाली वाळलेल्या बिबड्यांची मोजदाद मात्र कोणी ठेवलेली नाही.

मग एके दिवशी वारा फिरतो, सातपुड्याच्या बाजूला ढग दिसतात, बियाण्यांच्या दुकानापुढे कपाशीच्या पाकिटांसाठी रांग लागते आणि मोबाइलवर कॉलेजचं परिपत्रक येतं. मृग नक्षत्र आणि परिपत्रक यांत आधी कोण, हे नक्की सांगता येत नाही. पण परिपत्रक कोरडं गेल्याचं मला तरी आठवत नाही.

आता गंमत बघा. ज्यांच्याविषयी आम्ही शिकवतो ती सगळी माणसं नेमकी याच वेळी रजेवर जात. मराठ्यांची फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करायची आणि पावसाच्या आधी घराकडे किंवा छावणीत परतायची. नद्यांना पूर, वाटांचा चिखल, घोड्यांना पोसायचं कसं आणि शिपाई तर मुळात शेतकरी. पेरणी सोडून लढाईला येणार कोण? आमच्या खानदेशातल्याच तारखा काढा. संभाजीराजांची बुऱ्हाणपूरवरची स्वारी जानेवारी १६८१च्या अखेरीची. जवळचंच पानिपत म्हटलं तर (मराठी माणसाला ते नेहमी जवळच असतं) १४ जानेवारी १७६१. खडकी नोव्हेंबर १८१७. राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाला गाठलं ते मात्र ऑगस्ट १७६३ मध्ये, आणि तिथे गोदावरीच्या पुराने निजामाची अर्धी फौज पलीकडे, अर्धी अलीकडे राहिली. पावसाळ्यात काम काढलं की असं होतं! आमच्याही कॉलेजात जूनमध्ये निम्मे विद्यार्थी पलीकडेच असतात. ते यादीत असतात आणि वर्गात नसतात.

शिवराज्याभिषेक ६ जून १६७४चा, हे मी विसरलेलो नाही. पण तो समारंभ होता, मोहीम नव्हती.

जूनमधली आणखी एक तारीख मी दरवर्षी फळ्यावर लिहितो : १७ जून १६३१. या दिवशी मुमताजमहल वारली. कुठे, असं विचारलं की सगळा वर्ग एका आवाजात "आग्रा!" म्हणतो. ताजमहाल आग्र्याला आहे म्हणून बाईसुद्धा तिथेच वारली पाहिजे, असा आमच्या मुलांचा सरळ हिशेब. ती वारली बुऱ्हाणपूरला, म्हणजे आमच्या रावेरच्या पलीकडे, चौदाव्या बाळंतपणात. तापीकाठच्या बागेत तिला पुरलं होतं आणि तिथून डिसेंबरमध्ये आग्र्याला नेलं. बुऱ्हाणपूर हे त्या वेळी खानदेश सुभ्याचं ठाणं. एवढं ऐकलं की मुलं जरा सरसावून बसतात. कोणीतरी म्हणतं, "म्हणजे ताजमहाल आपल्याकडेच व्हायचा होता!" आणि मग हॉटेलं, रिक्षा आणि केळीचे वेफर्स यांचा धंदा किती झाला असता यावर दहा मिनिटं जातात.

पण त्याच बुऱ्हाणपुरात त्याच वर्षी आणखी काय चाललं होतं, ते सांगायला लागलो की वर्ग गप्प होतो. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून आग्र्याला निघाला तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने. आज एस.टी.च्या पाटीवर वाचतो तीच ही नावं. या वाटेवर त्याने रस्त्याकडेला पडलेली प्रेतं पाहिली आणि लिहून ठेवली. शहाजहानने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायला काढले. वीस सोमवारचे एक लाख. दरबारी बखरकाराने हा आकडा बिनचूक टिपला. मेले किती, त्यांची नावं काय, हे टिपण्याचा पगार त्याला मिळत नव्हता. आमच्या पाठ्यपुस्तकात मुमताजला एक परिच्छेद आहे. दुष्काळाला एक ओळ होती, ती मागच्या फेररचनेत गळली.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर तो दर काही वर्षांनी बदलतो. मी शिकत होतो तेव्हा आम्ही पुणे विद्यापीठाखाली होतो. १९९०च्या स्वातंत्र्यदिनी जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं तिच्या नावाने आम्ही पदव्या देतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आता नव्या धोरणाने मेजर, मायनर आणि क्रेडिट आले. "सर, इतिहास मायनरला टाकू का?" असं विद्यार्थी विचारतो तेव्हा भाजीत हिंग टाकू का, असं विचारल्यासारखं वाटतं.

उच्च शिक्षण आपल्याकडे इंग्रजांनी आणलं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी चाळीसगावजवळच्या पाटणला पाठवतो. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला देणगी लावून दिली. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात. पण पैशाची गोष्ट आली तशी भाषा मराठी झाली! बाजारात येणाऱ्या मालावरची पट्टी मठाला, आणि गावात जेवढे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळी-पळी तेल. आमच्या कॉलेजचं वेतनेतर अनुदान गेली काही वर्षं ज्या गतीने येतं आहे ते पाहता, पळीभर तेलाची व्यवस्था वाईट नव्हती असं माझं मत झालं आहे. तेल निदान दिव्याला तरी आलं असतं.

तर सांगायचा मुद्दा, यंदा तेलाची नाही तर डोक्यांची टंचाई आहे. स्पेशल इतिहासाचा वर्ग चालवायला ठरावीक संख्या लागते. ती न भरली तर विषय बंद, आणि विषय एकदा बंद झाला की पुन्हा सुरू झाल्याचं उदाहरण माझ्या वाचनात नाही, आणि वाचन हाच माझा धंदा. म्हणून जूनचे पहिले पंधरा दिवस मी प्रवेशाच्या टेबलाशी बसतो. समोरून आलेल्या बापाच्या चेहऱ्याकडे पाहूनच मला प्रश्न कळतो. यंदा धुळ्याकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "सर, इतिहास लीसन पोऱ्या काय करी?"

अशा वेळी मी "एम.पी.एस.सी.ला उपयोगी पडतो" असं म्हणतो. ते खोटं नाही. पण धुळ्याच्या माणसाने हे विचारावं, याचं जरा वाईट वाटतं. राजवाडे आयुष्यभर गावोगाव पायपीट करत, माळ्यांवरची दप्तरं धुंडाळत फिरले आणि ३१ डिसेंबर १९२६ला वारले ते धुळ्यात. पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ निघालं. त्यांचे कागद तिथे आहेत. लहानपणी मी त्या इमारतीसमोरून जात असे तेव्हा आत कुठलातरी राजवाडा आहे आणि तो दाखवत नाहीत, अशी माझी खात्री होती.

राजवाड्यांचं म्हणणं खरं किती आणि संतापातलं किती, यावर विद्वानांचे वाद आहेत; पण कागद वाचवावेत कसे, हे त्यांच्याकडूनच शिकावं. आणि खानदेशात कागदांचा खरा शत्रू वाळवी नाही. तो जून महिना आहे! पावसाळ्याआधी धाब्याच्या घरांवर पांढरी माती टाकतात, गळकी जागा शोधायला माळा रिकामा करतात, आणि आजोबा-पणजोबांचे रुमाल खाली येऊन चुलीत तरी जातात नाहीतर रद्दीच्या काट्यावर.

यंदा त्यातला एक वाचला. पारोळ्याकडच्या एका गावातली मुलगी मागच्या वर्षी माझ्या मोडी वर्गात बसत असे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला : "सर, पेटीत मोडी कागद निघालेत. आजोबा म्हणतात, सोमवारी रद्दीवाला येणार आहे." मी म्हटलं, "सोमवारच्या आत मी येतो." भर दुपारच्या एस.टी.ने गेलो. आजोबांनी खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि रुमाल पुढे सारत विचारलं, "हाई वाचीसन काय भेटस, सर?" रद्दीचा भाव त्यांना माहीत होता, त्यामुळे प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. मी म्हटलं, "आधी वाचू द्या, मग सांगतो." चहा येईपर्यंत मी वाचत होतो आणि चहा गार होईपर्यंतही.

शिवाजीमहाराजांचं पत्र निघालं नाही. (ते कधीच निघत नाही, आणि घरचे लोक दर वेळी तेवढ्यासाठीच आशेने बसलेले असतात.) शके १८२१ची, म्हणजे १८९९-१९०० सालची ज्वारीची यादी निघाली. हे छप्पन्नच्या दुष्काळाचं साल. विक्रम संवत १९५६ म्हणून छप्पन्न. खानदेशाला तो फार लागला. या घरात त्या वेळी पेव होतं. त्यातून कोणाला किती पायल्या दिल्या, ती नावं एकाखाली एक. काही नावांपुढे 'भरून पावले'. पुष्कळांपुढे नुसती कोरी जागा.

आजोबांनी रुमाल दिला नाही. पण सोमवारी रद्दीवाल्यालाही दिला नाही. मुलीने पानांचे फोटो काढले आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी तेच वाचायला घेतले. समोर अकरा डोकी होती. प्रवेशाची मुदत वाढवून मिळाली आहे, तेव्हा बघू. धुळ्याकडचा तो पोऱ्याही मागच्या बाकावर होता. तो इतिहास 'लीसन' आला होता की बाहेर पाऊस होता म्हणून, ते मी विचारलं नाही. अर्ध्या तासात त्यांनी सात ओळी लावल्या. पुढारीपण त्या मुलीकडे होतं. आठव्या ओळीला तो मागचा मुलगा म्हणाला, "सर, ज्यांच्यापुढे कोरं आहे त्यांनी बुडवली का?"

"बुडवली असेल," मी म्हटलं, "किंवा परत द्यायला कोणी राहिलं नसेल. कागदावर दोन्हीचं एकच चिन्ह आहे."

वर्गात थोडा वेळ फक्त पंखा ऐकू येत होता. मग ती मुलगी म्हणाली, "यातल्या दोन घरांची माणसं अजून आमच्या गल्लीत आहेत, सर. त्यांना जाऊन विचारू?"

"जरूर विचार," मी म्हटलं. "फक्त यादी हातात घेऊन जाऊ नकोस. ज्वारी मागायला आलीस असं वाटेल."