इन्सुलिनचा करार

मधुमेह हें नांव आपल्याकडे फार जुनें आहे. चरकसंहितेंत व सुश्रुतसंहितेंत या रोगाचें वर्णन येतें. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांव घेतात, हें लक्षण प्राचीन वैद्यांच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. परंतु रोग ओळखणें निराळें आणि तो आटोक्यांत आणणें निराळें. विसाव्या शतकाचीं पहिलीं वीस वर्षें उलटलीं तरी, ज्या मुलास हा रोग तीव्र स्वरूपांत जडला त्याच्या आईबापांस कोणत्याहि देशांतील वैद्य धीराचा शब्द देऊं शकत नव्हता. अमेरिकेंत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनीं उपासाची चिकित्सा प्रचारांत आणली होती. रक्तांतील साखर वाढूं नये इतकें बेतानें अन्न रोग्यास मोजून द्यावयाचें. त्यायोगें आयुष्य कांहीं महिने, क्वचित् कांहीं वर्षें लांबे. पण मूल हाडांचा सांपळा होऊन जगे. रोगानें मरावें कीं भुकेनें, एवढीच निवड उरली होती.

ही कोंडी कॅनडांतील टोरंटो शहरीं फुटली. फ्रेडरिक बँटिंग नांवाच्या एका तरुण शस्त्रवैद्यास १९२० च्या ऑक्टोबरअखेर एक कल्पना सुचली. तेथील विद्यापीठांतील शरीरशास्त्राचे प्राध्यापक मॅक्लिऑड यांनीं त्यास प्रयोगशाळा, कुत्रीं आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतनीस म्हणून दिला. १९२१ च्या उन्हाळ्यांत या दोघांनीं स्वादुपिंडाच्या अर्कानें मधुमेही कुत्र्यांच्या रक्तांतील साखर उतरवून दाखविली. वर्षाच्या शेवटीं जेम्स कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ त्यांस मिळाले. या शोधाची कथा अनेकांनीं सांगितली आहे. परंतु शोध लागल्यानंतर तो रोग्याच्या दंडापर्यंत पोंचावा कसा, आणि त्याची मालकी कोणाची, या प्रश्नांचा इतिहास तितकाच बोधप्रद असून तो मात्र कमी लोकांस ठाऊक आहे.

१९२१ च्या ३० डिसेंबर रोजीं अमेरिकेंतील न्यू हेवन येथें शरीरशास्त्रज्ञांची सभा भरली होती. बँटिंग यांचें भाषण फारसें वठलें नाहीं. प्रश्नांच्या भडिमारापुढें ते गोंधळले. श्रोत्यांत डॉ. ॲलन होते, बॉस्टनचे विख्यात मधुमेहचिकित्सक डॉ. इलियट जोस्लिन होते, आणि शेवटीं उठून गेलेला नव्हे, तर पुढें येऊन भेटलेला एक गृहस्थ होता. त्याचें नांव जॉर्ज क्लोज. इंडियानापोलिस येथील एलाय लिली या औषधांच्या कंपनीच्या संशोधनखात्याचा तो संचालक होता. अर्काचें उत्पादन आमच्या कारखान्याच्या साहाय्यानें करावें, असें त्यानें मॅक्लिऑड यांस सुचविलें. काम अद्याप त्या टप्प्यास आलेलें नाहीं, असें सांगून प्राध्यापकांनीं तूर्त नकार दिला. व्यापाऱ्यास दारांत घेण्याची विद्वानांस जी स्वाभाविक भीति वाटते, ती टोरंटोसहि वाटत होती.

पुढच्याच महिन्यांत, १९२२ च्या ११ जानेवारीस, टोरंटोच्या सार्वजनिक रुग्णालयांत लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलास पहिली सुई टोंचण्यांत आली. तो मरणाच्या दारीं होता. पहिला अर्क अशुद्ध निघाला व त्याचा फारसा गुण आला नाहीं. कॉलिप यांनीं अधिक शुद्ध केलेला अर्क २३ तारखेपासून दिला, तेव्हां साखर उतरली व मुलास तरतरी आली. दोन दिवसांनीं बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लिऑड यांनीं विद्यापीठाच्या कॉनॉट प्रयोगशाळेशीं करार केला. परस्परांच्या संमतीवांचून कोणीहि पेटंट घेऊं नये किंवा कोण्या व्यापारी संस्थेशीं संधान बांधूं नये, असें त्यांत ठरलें.

करार झाला, पण औषध आटलें. लहान भांड्यांत जी कृति साधत होती ती मोठ्या भांड्यांत साधेना. मार्च महिन्याच्या सुमारास तर कॉलिप यांच्या हातची हातोटीच जणूं हरवली. ज्या रोग्यांस एकदां जीवदान मिळालें होतें त्यांच्यासाठींहि औषध उरलें नाहीं. औषध आहे हें ठाऊक असूनहि तें देतां येत नाहीं, याहून वैद्यास दुसरें दुःख तें कोणतें? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची शक्ति आतां पुरी पडणार नाहीं, हें टोरंटोस कळून चुकलें.

तेव्हां क्लोजच्या हाकेस उत्तर गेलें. १९२२ च्या ३० मे रोजीं टोरंटो विद्यापीठ व लिली कंपनी यांमध्यें करारनामा झाला. एक वर्षाचा काळ प्रायोगिक ठरला. त्या वर्षीं उत्तर व दक्षिण अमेरिकेंतील देशांत, कॅनडा वगळून, उत्पादनाचा अधिकार कंपनीस मिळाला. मोबदल्यांत कंपनीनें आपल्या कारखान्यांत लागणाऱ्या नव्या सुधारणांची माहिती टोरंटोस कळवावयाची होती. विद्यापीठानें या सर्व व्यवहारावर देखरेख ठेवण्यासाठीं एक इन्सुलिन समिति नेमली.

यांतील पेटंटाची कहाणी लक्षांत ठेवण्याजोगी आहे. औषधाचें पेटंट घेऊन त्यावर धन मिळवावें, हें वैद्यकाच्या शपथेस शोभत नाहीं, अशी बँटिंग यांची धारणा होती. म्हणून जे वैद्य नव्हते त्या बेस्ट व कॉलिप यांच्या नांवें प्रथम अर्ज झाला. पुढें कायदेशीर अडचण उद्भवली. खऱ्या शोधकाचें नांव वगळलें तर पेटंटच टिकणार नाहीं, असें दिसून आलें. तेव्हां बँटिंग यांनीं आपलें नांव घालूं दिलें. परंतु १९२३ च्या जानेवारींत तिघांनींहि आपापला हक्क प्रत्येकीं एक डॉलर घेऊन विद्यापीठास दिला. पेटंट घेण्याचा हेतु पैसा नव्हता. दुसऱ्या कोणीं लबाडीनें तें घेऊन दार बंद करूं नये, म्हणून या लोकांनीं स्वतःच कुलूप लावलें आणि किल्ली विद्यापीठाच्या हवालीं केली.

इकडे जूनच्या आरंभीं बेस्ट व कॉलिप इंडियानापोलिसला जाऊन कृति शिकवून आले आणि कारखाना सुरू झाला. कत्तलखान्यांतून डुकरांचीं व बैलांचीं स्वादुपिंडें बर्फांत घालून येत. जेमतेम ८ औंस शुद्ध इन्सुलिनसाठीं सुमारे २ टन स्वादुपिंडें खर्चीं पडत. तयार झालेलें औषध बाजारांत विकावयाचें नव्हतें. तें निवडक तज्ज्ञ वैद्यांस चिकित्सेच्या परीक्षणासाठीं द्यावयाचें होतें. बॉस्टनचे जोस्लिन, न्यू जर्सींतील ॲलन, शिकागोचे वुडयॅट, रॉचेस्टरचे विल्यम्स, मेयो चिकित्सालयाचे वाइल्डर ही मंडळी त्यांत होती. उपासाची चिकित्सा ज्यांनीं घडविली, त्या ॲलन यांनींच ती मोडणाऱ्या औषधाची पारख केली, ही गोष्ट त्यांस भूषणावह आहे.

या वैद्यांचें काम केवळ स्तुतिपत्रें देण्याचें नव्हतें. कारखान्यांतून येणाऱ्या एका खेपेचा जोर दुसऱ्या खेपेशीं जुळत नसे. शिवाय कांहीं दिवसांत तो उणावे. काल ज्या मात्रेनें साखर बेताची राहिली, त्याच मात्रेनें आज रोगी घामाघूम होऊन थरथरूं लागे व शुद्ध हरपण्याची वेळ येई. मग फळांचा रस किंवा साखर देऊन त्यास सांवरावें लागे. वैद्यांनीं या तक्रारी वेळोंवेळीं कळविल्या, आणि मात्रेचें माप कोणतें धरावें यावर पुष्कळ खल झाला. चोवीस तास उपाशी ठेवलेल्या दोन किलोग्रॅम वजनाच्या सशाची साखर, झटके येण्याच्या पायरीपर्यंत उतरविणाऱ्या मात्रेवरून आरंभीं माप धरलें होतें. रोग्यांच्या उपयोगास तें फार मोठें पडे. म्हणून पुढें त्याचा तिसरा हिस्सा हें एकक मानण्यांत आलें.

तक्रारींचें चीज झालें. लिलीच्या कारखान्यांतील जॉर्ज वॉल्डन या रसायनज्ञानें औषध कां बिघडतें याचा शोध घेतां घेतां, द्रवाची आम्लता एका ठराविक बिंदूवर आणली म्हणजे इन्सुलिन सांक्यासारखें खालीं बसतें, हें हेरलें. त्या सांक्यापासून पूर्वीहून अनेक पटींनीं शुद्ध व टिकाऊ औषध मिळूं लागलें.

परंतु येथेंच वादाची ठिणगी पडली. कंपनीनें या सुधारणेच्या अमेरिकन पेटंटासाठीं अर्ज केला. शिवाय तिनें आपल्या औषधास ‘आयलेटिन’ असें निराळें नांव दिलें होतें. शोध विद्यापीठाचा, पण लोकांच्या तोंडीं नांव कंपनीचें आणि शुद्धीची कृतिहि कंपनीच्याच तिजोरींत, असें झालें तर एक डॉलरच्या त्या त्यागाचा अर्थ काय राहिला? टोरंटोच्या समितीनें ठाम भूमिका घेतली. सेंट लुईस येथील विद्यापीठांत फिलिप शॅफर यांसहि तीच कृति स्वतंत्रपणें सांपडली होती, हें येथें उपयोगी पडलें. अखेर कंपनीस मक्तेदारीचा आग्रह सोडावा लागला. अमेरिकेंतील इतर कारखान्यांसहि टोरंटोचे परवाने मिळाले, आणि बाटलीवर ‘आयलेटिन’ च्या जोडीस ‘इन्सुलिन’ हा शब्द छापला जाऊं लागला. मैत्री तुटली नाहीं. पण तिची सीमा आंखली गेली.

या सर्व खटाटोपाचें फळ एका मुलीच्या उदाहरणावरून दिसेल. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ ही डॉ. ॲलन यांची रुग्ण होती. १९२२ च्या ऑगस्टमध्यें ती टोरंटोस बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हां पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील त्या मुलीचें वजन अवघें ४५ पौंड होतें. पुढें ती शिकली, संसारांत पडली, आणि १९८१ सालीं वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं वारली. जोस्लिन यांनीं तर आपल्या रोग्यांची जणूं शाळाच चालविली: मूत्र कसें तपासावें, अन्न कसें मोजावें, सुई कशी टोंचावी, हें रोग्यानें स्वतः शिकलें पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. औषध कारखान्यांत तयार होतें, परंतु उपचार शिकवावा लागतो.

१९२३ च्या ऑक्टोबरांत औषध अमेरिकेंत सर्रास विक्रीस आलें. त्याच महिन्यांत बँटिंग व मॅक्लिऑड यांस नोबेल पारितोषिक जाहीर झालें. पहिल्यानें आपला अर्धा वांटा बेस्टला दिला, दुसऱ्यानें कॉलिपला.

त्यानंतर शंभर वर्षें लोटलीं. १९८२ पासून जंतूंकरवीं बनविलेलें मानवी इन्सुलिन मिळूं लागलें आणि कत्तलखान्याची गरज हळूहळू संपली. परंतु मालकीचा प्रश्न संपला नाहीं. याच कंपनीच्या ह्युमॅलॉग या सुधारित इन्सुलिनची बाटली अमेरिकेंत १९९६ सालीं २१ डॉलरला मिळे. २०१९ पर्यंत तिची छापील किंमत सुमारे २७५ डॉलर झाली होती. लोकांचा रोष वाढला, तेव्हां २०२३ च्या मार्चमध्यें कंपनीनें आपल्या मुख्य इन्सुलिनांच्या किंमती ७० टक्क्यांनीं उतरविण्याचें जाहीर केलें.

कारखान्यावांचून टोरंटोचें औषध मूठभर रोग्यांपलीकडे गेलें नसतें, हें खरें. त्या एका वर्षांत व्यापार आणि विद्या यांचें जमलें, याचें कारण कंपनी विशेष उदार होती किंवा विद्वान विशेष भोळे होते, असें नाहीं. सल्ला देणाऱ्यांच्या हातीं ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार होता, आणि वेळ आली तेव्हां त्यांनीं तो वापरला. जो वैद्य कारखान्यास त्याचा दोष दाखवूं शकतो, त्याचाच सल्ला कारखान्याच्या कामाचा आणि रोग्याच्याहि कामाचा.